ड्रायरची जाळी मी काढली, सुखदेवने नाही

मी, विमलाबाई दौलत रामटेके, वय कागदावर पंचाहत्तर, खरं थोडं जास्त, धंदा घरकाम, मूळ राहणार उमरेड, हल्ली राहणार मुलाच्या घरी, इंग्लंडात स्लाऊ, ट्रेडिंग इस्टेटच्या मागची गल्ली, आज रविवारी पोलीस स्टेशनात स्वतःहून हजर होऊन विचारल्यावरून सांगते ते असं. धंद्याच्या जागी दुभाषी बाईंनी आधी 'निवृत्त' लिहिलं होतं. मी कुठूनही निवृत्त झालेली नाही, म्हणून ते खोडून घेतलं आहे.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी मराठीत सांगते, दुभाषी अक्षयाबाई मराठीत लिहून घेतात, मग त्याचं इंग्रजी साहेबांना देतील. अक्षयाबाई पुण्याच्या आहेत. त्यांची मराठी इस्त्री केलेली आहे, माझी दोरीवरून ओढून काढलेली. मी बोलेन ते सगळं लिहायचं, आपल्या मनचं घालायचं नाही, असा त्यांना नियम आहे. त्यामुळे इस्त्रीचं वाक्यही त्यांना लिहावं लागलं.

मला कुणी बोलावलेलं नाही. माझा मुलगा सुखदेव एका वेअरहाऊसमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. काल शनिवारी आमच्या घराच्या भिंतीतून शेजारच्या गार्डनमध्ये वायू सुटून माणसं बेजार झाली, तो वायू आपण सोडला, असं त्याने पोलिसांना सांगितलं आहे. आज त्याला पुन्हा बोलावलं असून तो याच स्टेशनात पलीकडच्या खोलीत बसला आहे. त्याचं सांगणं खोटं आहे. ते खरं धरलं गेलं तर त्याची नोकरी जाईल. सुरक्षा शिकवणाऱ्यानेच गल्लीत विषारी वायू सोडला म्हटल्यावर कंपनी त्याला ठेवणार नाही. म्हणून मी शेजारच्या मोरीनबाईंच्या गाडीत बसून आले. रस्ताभर आम्ही दोघी बोलत होतो. एकमेकींची भाषा येत नसल्याने आमचे वाद होत नाहीत.

मशीनबद्दल विचारल्यावरून सांगते की, आमच्या मागच्या किचनमध्ये कपडे वाळवायचा ड्रायर आहे. तो विजेवर फिरतो पण गॅसवर तापतो. असा ड्रायर गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाही. घर घेतलं तेव्हा आधीचे लोक तो सोडून गेले. सुखदेवने तो ठेवून घेतला, आणि लोक जुनी गाडी जपतात तसा जपतो. दरवर्षी गॅस सेफचा, म्हणजे गॅसच्या कामाचा परवाना असलेला, माणूस येऊन तपासून जातो. सुखदेव त्याच्यामागे उभा राहून त्यालाही तपासतो.

दिवसभर घरी मी असते, त्यामुळे ड्रायर माझ्या हाताखाली आहे. बटनांवरची अक्षरं मला येत नाहीत. गोल खटका सूर्याकडे फिरवला की जास्त ताप, अर्ध्या सूर्याकडे फिरवला की कमी. इथल्या आभाळात दिसत नाही तो त्या खटक्यावर आहे. चालू केलं की पिंप फिरायला लागतं, मग आत 'कट' असं वाजतं, खालच्या भोकातून बघितलं तर कांडी लाल होते, आणि मग भप् करून जाळ धरतो. जाळाची हवा कपड्यांतून जाते, कपड्यांचा भुसकट कापूस जाळीत अडकतो, आणि उरलेली गरम हवा नळीतून भिंतीपलीकडे जाते. चूल आणि धुराडं, एवढंच ते आहे. सुखदेवने हे मला चित्र काढून समजावलं होतं. चित्र वाईट होतं, पण कळलं.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यापासून ड्रायरचं लक्ष कामात नव्हतं. टॉवेल टाकले तर संध्याकाळपर्यंत दमटच. जाळ धरायचा, थोडा वेळ चालायचा आणि मधेच विझायचा. पिंप मात्र फिरत राहायचं. मी सुखदेवला म्हटलं, "तुझं मशीन सरकारी झालं रे. हजर असते, काम करत नाही."

मागच्या रविवारी सुखदेवने ड्रायर उघडला. त्याने आधी वीज काढली, मग गॅसची तोटी बंद केली, मग मला बॅटरी धरायला लावली आणि पुस्तकातून मोठ्याने वाचत बसला. बुद्धवंदना म्हणतो त्याच आवाजात वाचत होता. मी "साधू, साधू" म्हटलं तर रागावला.

"आई, मस्करी नको. ओव्हरहीट झालं की एक कटआउट असतो, तो गॅस बंद करतो. म्हणजे हवा अडकते आहे कुठेतरी."

"मग काढ ना बाहेर. मला काहून सांगून राहिला?"

"तुला सांगतो कारण रोज तूच वापरतेस. नीट ऐक. गॅसच्या नळीला आपण हात लावायचा नाही, तो गॅस सेफवाल्याचा अधिकार. आपण फक्त हवेची वाट साफ ठेवायची. आणि जाळी प्रत्येक वेळी साफ करायची. प्रत्येक वेळी. जाळी भरली की मशीन बिघडलंच समज."

मी म्हटलं, "लहानपणी तुझं नाक पुसलं, आता तुझ्या मशीनचं पुसते."

मग त्याने मागची चंदेरी नळी काढली. ती भिंतीशी चेपून तिची घडी झाली होती, आणि आतून मांजराएवढा कापूस निघाला. रंग करडा, सुखदेवच्या मोज्यांचा. भिंतीबाहेर नळीच्या तोंडाला झडप आहे, ती पण कापसाने बसली होती. ती त्याने ब्रशने घासून मोकळी केली, जुनी नळी टाकून दिली आणि एक आखूड, सरळ, पत्र्याची नळी बसवली. मग ड्रायर चालू करून बाहेर गेला, झडपेसमोर हात धरला आणि तिथूनच ओरडला, "आई, बघ काय प्रेशर आहे!" त्याच्या लग्नातही मी त्याला इतकं खूश पाहिलेलं नाही. ही झडप मोरीनबाईंच्या कुंपणाकडे तोंड करून आहे. ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मिरचीबद्दल विचारल्यावरून सांगते. बुद्धपौर्णिमेला विहारात जेवण असते आणि तिखट माझ्याकडचं जाते. बाजारचं तिखट मी जेवणात घालत नाही, त्याला रंग असतो, स्वभाव नसतो. गावाकडून येणाऱ्या एका ओळखीच्याने बॅगेतून भिवापूरच्या मिरच्या आणून दिल्या. बॅगेत त्या दमट झाल्या होत्या. मिरची कडकडीत वाळल्याशिवाय कुटता येत नाही. आमच्याकडे या दिवसांत अंगणात चादर टाकली की काम झालं. इथे मी चादर टाकली होती. दोनदा पाऊस आला, एकदा खार आली. म्हणून मी मिरच्या उशीच्या खोळीत भरल्या, खोळीला गाठ मारली आणि ड्रायरमध्ये टाकल्या. अर्धा सूर्य.

अक्षयाबाईंनी इथे लिहिणं थांबवून विचारलं, "आजी, ड्रायरमध्ये? मिरच्या?" हा प्रश्न साहेबांचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. मी म्हटलं, "तुम्ही कुठं वाळवता जी?" त्या म्हणाल्या, "आम्ही दुकानातून आणतो." तेही लिहून घ्या म्हटलं.

हे मी पहिल्यांदा केलेलं नाही. मागच्या वर्षीही याच मशीनमध्ये मिरच्या वाळवल्या. तेव्हा नळी तुंबलेली होती, मिरचीचा खकाणा घरातच राहिला, आणि सगळ्यांना वाटलं मी फोडणी दिली. मशीन बिघडलेलं होतं तोवर कुणाची तक्रार नव्हती. दुरुस्त झालं आणि पोलीस आले.

जाळीबद्दल विचारल्यावरून सांगते की, जाळी मी काढली. जाळी भरली की मशीन बिघडते, हे सुखदेवने मला बजावून सांगितलं होतं. मिरचीचं बी बारीक असते, ते खोळीतून निघून जाळीत बसेल आणि जाळी भरेल, असं मला वाटलं. जाळीच नसली तर भरणार काय? म्हणून मी जाळी काढली, साबणाने धुतली आणि किचनच्या खिडकीत वाळत ठेवली. ती जपण्यासाठीच काढली. अग्निशमनच्या साहेबांनी काल मला हातवारे करून समजावलं की जाळीशिवाय मशीन चालवलं तर कापूस जाळापर्यंत जाऊन घर पेटू शकते. त्यांचं बरोबर आहे. मला आधी वाटलं की ते नाचून दाखवतात.

शेजारच्या कार्यक्रमाबद्दल विचारल्यावरून सांगते. मोरीनबाईंचे मालक, रॉनसाहेब, हे हिवाळ्यात वारले. काल दुपारी त्यांच्या आठवणीत गार्डनमध्ये चहा होता. चर्चचे पाद्री होते, रॉनसाहेबांचा भाऊ होता, खुर्च्या भरलेल्या होत्या. मी मागच्या खिडकीतून बघत होते. नवरा गेलेल्या बाईकडे लक्ष ठेवायचं असते, म्हणून बघत होते. रॉनसाहेब माणूस कसा होता हे मी सांगणार नाही, गेलेल्याबद्दल बोलू नये. कुंपणावरून आमच्याकडे आलेला एकही चेंडू त्यांनी परत मागितला नाही, कारण त्यांच्याकडे कुणी खेळायलाच येत नव्हतं, एवढंच लिहा. पाद्री बोलत होते आणि लोक घड्याळ बघत होते. डोळ्याला रुमाल कुणाच्या नव्हता. मोरीनबाई एकट्या खाली मान घालून बसल्या होत्या. मला ते बरं वाटलं नाही.

त्याच वेळी ड्रायर चालू होता. वेळ किती ते सांगता येणार नाही, मला घड्याळ येत नाही. पहिला चहा झाला होता, दुसरा व्हायचा होता. आधी आत मऊ आवाज येत होता, उशी आपटल्यासारखा. मग सर्रसर्र असा आवाज आला. गाठ सुटून मिरच्या पिंपात मोकळ्या झाल्या, हे तेव्हा मला कळायला हवं होतं. पण मी खिडकीत होते.

आधी पाद्री थांबले. त्यांनी गळ्याला हात लावला. मग रॉनसाहेबांचा भाऊ शिंकला. मग पुढची रांग, मग मागची. त्यानंतर सगळेच रडायला लागले. मोठमोठ्याने, गळ्यातून आवाज काढून, एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून. एक बाई गवतावर बसली. पाद्रींनी पुस्तकाने तोंड झाकलं. मला वाटलं, उशिरा का होईना, माणसाची किंमत कळली. मला चांगलं वाटलं आणि मी दुसरा चहा ठेवायला गेले.

मोरीनबाई सोडून सगळे रस्त्यावर पळाले. भावाने फोन करून सांगितलं की शेजाऱ्यांनी वायू सोडला आहे. गाड्या आल्या. तोंडाला पिशव्या बांधलेली माणसं आली. पूर्ण गल्लीचा गॅस बंद केला, फीत लावली, आणि गल्लीतल्या सगळ्यांना कोपऱ्यावरच्या शाळेत नेऊन बसवलं. शाळेत बिस्किटं दिली. मी विचारलं, काय झालं? पण मी मराठीत विचारलं, त्यामुळे त्यांनी मला अजून एक बिस्किट दिलं. ड्रायर कुणी बंद केला ते मला माहीत नाही, तेव्हा मी बिस्किट खात होते.

आम्हाला परत गल्लीत आणलं तेव्हा सुखदेव कामावरून थेट तिथे आला, पिवळं जाकीट अंगात. त्याला कुणीतरी झडपेकडे बोट दाखवलं. तो झडपेजवळ गेला, वास घेतला आणि शिंकला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. हा वास त्याला लहानपणापासून माहीत आहे. मग तो पोलिसांकडे गेला आणि इंग्रजीत म्हणाला की मी केलं. तेवढं इंग्रजी मला कळते. पुढे तो जे म्हणाला ते माझ्या सुनेने नंतर सांगितलं. तो म्हणाला, "माझी आई म्हातारी आहे, तिला यातलं काही कळत नाही, ती मशीनला हातही लावत नाही."

हे पूर्ण खोटं आहे. त्या घरातले सगळे कपडे मी वाळवते. त्याच्या अंगातलं जाकीटही.

माझ्या सुनेबद्दल विचारल्यावरून सांगते. धम्मशीला काल हॅरोला तिच्या बहिणीकडे होती. तिने तिथून पोलिसांना फोन केला आणि सांगितलं की निघताना मशीन तिने लावलं. तिचा हात हॅरोहून स्लाऊपर्यंत पोचत नाही. मी तिला रात्री जेवताना विचारलं, "शीला, तू काहून मधे पडली?" ती म्हणाली, "अहो आई, तुम्ही काही कबूल करायच्या आत आपणच करावं म्हटलं." आता या घरात एका ड्रायरचे तीन गुन्हेगार आहेत. त्यातली खरी मी आहे.

सुखदेव खोटं बोलत नाही. हे त्याचं व्यंग आहे. रोज पंचशील म्हणतो आणि पाळतोही. शाळेत असताना काच फुटली की मास्तर बाकीच्यांना विचारत नसत, त्याला विचारत. त्यामुळे त्याला मित्र नव्हते. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी विचारलं, घरात काही दोष? तर याने छपराची गळती सांगितली. असा माणूस काल भर रस्त्यात, पोलिसांसमोर, कामाच्या कपड्यांत उभा राहून माझ्यासाठी खोटं बोलला, आणि बोलताना त्याचे कान लाल झाले होते. माझा मुलगा चांगला माणूस आहे.

इथे थोडा वेळ जबाब थांबवला. अक्षयाबाईंनी पाणी दिलं. माझ्या बोटांना कालची मिरची आहे आणि मी डोळ्याला हात लावला, दुसरं कारण नाही.

साहेबांनी विचारलं, बाहेर माणसं बसली आहेत हे दिसत असताना मशीन चालू ठेवलं, ते मुद्दाम का? मी सांगितलं, मुद्दाम करायचं असतं तर लवंगी घेतली असती. भिवापुरी रंगाला आहे. साहेबांनी अक्षयाबाईंना हे परत सांगायला लावलं. मग विचारलं, शेजाऱ्यांशी भांडण होतं का? मी सांगितलं, मोरीनबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत, त्यांनाच विचारा.

साहेब बाहेर जाऊन आले. मोरीनबाईंनी त्यांना काय सांगितलं ते अक्षयाबाईंनी मला मराठीत सांगितलं, ते लिहायला हरकत नाही असं साहेब म्हणाले. मोरीनबाई म्हणाल्या की त्यांची काही तक्रार नाही. रॉनसाठी कुणी रडेल की नाही या काळजीने त्यांना आठवडाभर झोप नव्हती. पाद्रींनी सांगितलं, इतका भरून आलेला कार्यक्रम त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही. दिराचं दीर बघून घेईल.

यानंतर मी साहेबांना म्हटलं, सुखदेवला जाळीबद्दल विचारा. त्याच्या कालच्या सांगण्यात जाळी कुठे होती, ते बघा. साहेबांनी कागद काढून वाचला. सुखदेवने लिहून दिलं आहे की मशीन त्याने स्वतः लावलं, आत टॉवेल होते, ताप पुस्तकात सांगितल्याप्रमाणे होता, आणि जाळी साफ करून जागेवर बसवलेली होती. साहेबांनी ते दोनदा वाचलं. जाळी तर पोलिसांनी खिडकीतून जप्त केली आहे, आणि टॉवेल एकही सापडला नाही. माझा मुलगा विषारी वायू सोडल्याचं कबूल करू शकतो, पण जाळीशिवाय ड्रायर चालवल्याचं त्याच्याने म्हणवत नाही. साहेब हसले नाहीत, पण कागद तोंडासमोर धरून बराच वेळ बसले.

साहेब मग पलीकडच्या खोलीत जाऊन आले. त्यांनी सांगितलं की सुखदेवने कालचं सांगणं मागे घेतलं आहे. जाळी जागेवर नव्हती हे ऐकून तो खुर्चीतून उठला आणि "जाळीशिवाय?" असं ओरडला, तेव्हाच त्यांची खात्री झाली. त्याच्यावर काही कारवाई नाही, कंपनीला पत्र जाणार नाही. माझ्यावरही नाही. मिरची वाळवणं हा गुन्हा नाही, तेवढी समज देऊन सोडतात. गॅस सेफचा माणूस तपासून जाईपर्यंत ड्रायरला हात लावायचा नाही, हे मी मान्य केलं आहे. मिरच्यांची पिशवी मात्र पुरावा म्हणून लाखेने बंद केली आहे ती परत मिळावी, अशी माझी मागणी आहे. पौर्णिमा थांबत नाही.

वरचा जबाब अक्षयाबाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितल्याबरहुकूम आहे, मनचं काही घातलेलं नाही, आणि त्याखाली मी डाव्या हाताचा अंगठा देते. माझा मुलगा चांगला माणूस आहे असं एका ठिकाणी वाचण्यात आलं. ते मी म्हटलेलं आहे, नाकारत नाही. पण त्याच्या कानावर ते कुणी घालू नये. ते मी स्वतः घालीन, पण आज नाही. माझी आई मशीनला हातही लावत नाही, असं तो पोलिसांना सांगून बसला आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.